चोक : कार्यरत

मोटारीचं तोंड उघडायच्या आधीच तिच्यावरचा निकाल आला होता.

नांदरगावच्या पाणीपुरवठ्याची शंभर हॉर्सपॉवरची मोटार सकाळी साडेनऊला टेम्पोतून मंदाक्का लोहारच्या दुकानासमोर उतरली. अजून साखळी सुटली नव्हती तोच मंदाक्काच्या फोनवर निरोप वाजला. 'बिघाड क्रमांक तीन. दोष : विंडिंग, ९४ टक्के. विंडर नंबर ४१७ कायमचा रद्द करण्याबाबत सुनावणी नऊ दिवसांनी.' त्याखाली हिरव्या अक्षरांत, कुणी विचारलेलं नसताना, आणखी एक ओळ होती. 'ड्राइव्ह : निर्दोष. चोक : कार्यरत.'

"चौऱ्याण्णव," मंदाक्का टेम्पोवाल्याला म्हणाली. "मोटार बघितली न्हाई, हात लावला न्हाई, आनि चौऱ्याण्णव. उरलेले सहा कुनाला दिले, पावसाला?"

टेम्पोवाल्यानं साखळी सोडायला घेतली. मंदाक्काचा आवाज चढला की गप्प बसायचं, हे वारणाकाठची माणसं फार पूर्वीच शिकली होती.

तिचा राग समजायचा तर तिचा नंबर समजायला हवा. २०३४ पासून राज्यातल्या प्रत्येक मोठ्या मोटारीची नोंदणी सुरू झाली. जळालेली मोटार ज्या दुकानात भरली जाते, म्हणजे तिच्यात तांब्याच्या तारेची नवी वेटोळी बसवली जातात, त्या दुकानाचा विंडर नंबर मोटारीच्या अंगावर ठोकला जातो. पुढं ती मोटार बिघडली की तिला चालवणारा ड्राइव्ह, म्हणजे पॅनेलमधला तो शहाणा खोका, स्वतःच चौकशी करतो, स्वतःच दोष वाटतो आणि वर कळवतो. तीन दोष झाले की नंबर गेला. नंबर गेला की त्या माणसाला जन्मात पुन्हा कुठल्या मोटारीला हात लावता येत नाही. मंदाक्का पंचावन्न वर्षांची होती. वडिलांच्या हाताखाली ती पंधराव्या वर्षी बसली, तेव्हापासून तिनं मोटारीच भरल्या होत्या. तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि यावं असंही तिला कधी वाटलं नव्हतं.

दुपारपर्यंत तिनं मोटार उघडली. करपलेल्या वार्निशचा वास दुकानभर झाला. चिमट्यानं खरवडत ती जळक्या जागेपाशी पोचली आणि तिनं भिंग लावलं. जास्त भार पडून जळलेली मोटार सगळीकडून सारखी करपते. बेअरिंग गेलं असेल तर घासल्याच्या खुणा दिसतात. इथं तसलं काही नव्हतं. बाकीची सगळी वेटोळी तिनं बसवली होती तशीच, लालसर आणि धडधाकट. फक्त जिथं केबल मोटारीला येऊन मिळते, तिथल्या पहिल्या कॉइलच्या पहिल्या वेढ्यावर टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं.

मागच्या दोन्ही खेपेला भोक तिथंच होतं.

फरक एवढाच, की मागच्या दोन्ही खेपेला मोटार हसीना मोमीननं भरली होती. या खेपेला मंदाक्कानं स्वतः भरली होती. दुहेरी वार्निशची तार घेऊन, एकेक वेढा बोटानं दाबून, भट्टीत दोनदा भाजून. आणि दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या बिघाडाचा निरोप आला त्या दिवशी, मंदाक्कानं हसीनाला घरी पाठवलं होतं. अठरा वर्षं शेजारी बसून काम केलेल्या बाईला. "हात आता पहिल्यासारखा ऱ्हायला न्हाई तुझा," असं तोंडावर सांगून.

भिंग तिच्या हातात तसंच राहिलं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला आयुष्यात पुष्कळदा कळलं होतं, पण आजच्या आगीत थोडी लाजही होती, आणि ती जास्त भाजत होती.

पहिल्या वेढ्यावरचं भोक कशानं पडतं हे मंदाक्काला माहीत होतं. आपणही ते समजून घेऊ, अवघड नाही.

साधी मोटार एकाच वेगानं फिरते. ड्राइव्ह विजेची वारंवारिता बदलतो आणि मोटारीला हवी तशी हळू किंवा जोरात फिरवतो. गावाला पाणी कमी लागत असेल तर पंप हळू, म्हणजे वीजही कमी. हे साधायला ड्राइव्ह वीज चिरतो. सेकंदाला हजारो वेळा चालू, बंद, चालू, बंद. त्यामुळं मोटारीकडं विजेचा संथ प्रवाह जात नाही, धारदार धक्के जातात. आता एक दोरी घ्या, तिचं टोक खुंटीला बांधा आणि दुसऱ्या टोकाला झटका द्या. लाट खुंटीपर्यंत जाते, तिथं उसळते आणि मागं फिरते. केबलमध्ये तेच होतं. केबल आखूड असेल तर काही बिघडत नाही. लांब असेल तर ड्राइव्हमधून निघालेला सहाशे व्होल्टचा धक्का मोटारीच्या दारात बाराशेचा होऊन आदळतो, आणि तो मार खातो पहिला वेढा.

यावर जुना आणि भरवशाचा इलाज म्हणजे चोक. लोखंडी गाभ्यावर तांब्याचे जाड वेढे, बस. त्यात ना मेंदू, ना स्क्रीन. विजेत एकाएकी झालेला बदल त्याला सहन होत नाही, तो अडवतो. धक्क्याची धार बोथट होते. एक चोक आत येणाऱ्या विजेच्या बाजूला असतो, तो लाइनमधली घाण अडवतो. दुसरा ड्राइव्ह आणि मोटार यांच्या मध्ये, तो मोटारीला सांभाळतो. चोक जड असतो, गुणगुणतो आणि तापतो. एवढेच त्याचे दुर्गुण.

नांदरगावात तो हवाच होता. पूर्वी पॅनेल नदीकाठी, मोटारीपासून वीस पावलांवर असायचं. बत्तीसच्या पुरात ते बुडालं, तेव्हा नगरपालिकेनं शहाणपणा करून ते मारुतीच्या टेकडीवर नेलं. पॅनेल वाचलं, पण केबल अडीचशे मीटर झाली. म्हणून तेव्हाच टेकडीवर, ड्राइव्ह आणि मोटार यांच्या मध्ये, चोक बसवला होता. सदतीस साली नवा ड्राइव्ह आला. आला त्याच वर्षी जुलैत मोटार जळाली, ऑगस्टात पुन्हा जळाली. मंदाक्कानं दोन्ही वेळा एकच प्रश्न विचारला होता, आणि विचारला होता तो सख्ख्या भावाला. कारण नवा ड्राइव्ह बसवणारा कंपनीचा इंजिनिअर तिचा धाकटा भाऊ विनायकच होता.

"चोक हाय न्हवं तिथं?"

"आहे, आक्का. लॉग बघ. कार्यरत लिहिलंय."

तिनं लॉग बघितला होता. कार्यरत लिहिलं होतं. मग उरलं कोण? हसीना उरली. आणि अडतीस साली, मंदाक्कानं स्वतः भरलेली मोटार वर्षभर बिनबोभाट चालली, तेव्हा सगळ्या गावानं मान डोलावली. बाईचा हातच गेला होता, असं लोक म्हणाले. मंदाक्कासुद्धा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती टेकडीवर गेली. नोंदणी आल्यापासून विंडरनं पॅनेलच्या खोलीत जायचं नाही असा नियम होता. मंदाक्का नियम वाचत दारात उभी राहिली, मग आत शिरली.

आत पंप ऑपरेटर ज्ञानू खोत डबा उघडून बसला होता. साठीला आलेला, शिडशिडीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. भिंतीला नवं राखाडी पॅनेल, दाराला कंपनीचं सील. सील तोडलं की फोन थेट पुण्याला जायचा. पॅनेलच्या खालच्या कप्प्यावर एक हिरवा दिवा होता आणि शेजारी स्टिकर: चोक, कार्यरत.

"घ्या आक्का, दोन घास," ज्ञानू म्हणाला. "थंड हाय, पर आता थंडच असतंय."

"आता म्हंजे? पयलं काय शेगडी हुती व्हय हितं?"

"शेगडी कशाची? ते खोकं हुतं न्हवं, पत्र्याच्या टोपनाचं. घूं घूं करायचं. धा वाजता त्येच्यावर डबा ठिवला की एक वाजता आमटीला वाफ. पाच वर्सं गरम जेवलो. मग हे नवं पॅनेल आलं आनि इनायकसाहेब ते खोकं घिऊन गेलं."

मंदाक्का खाली बसली. तिनं अगदी हळू विचारलं, "कवा, ज्ञानू?"

"पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. सदतीसच्या. शिळी पुरनपोळी हुती डब्यात, थंड खाल्ली, म्हनून ध्यानात हाय. मी इचारलं बी साहेबास्नी, डबा कशावर ठिवू. हसलं ते."

हिरवा दिवा शांतपणे जळत होता. गावाचं पाणी थांबू नये म्हणून खाली जादाची मोटार चालू होती. मंदाक्कानं पॅनेलला कान लावला. चालू असलेला चोक गुणगुणल्याशिवाय राहत नाही. आतून पंख्याची भुरभुर येत होती, दुसरं काही नाही. दोन वर्षं ती एका दिव्यावर विश्वास ठेवून होती. आपल्याच कानांना इथवर आणायचं तिला सुचलं नव्हतं, नियमामुळं म्हणा, भावामुळं म्हणा. पायऱ्या उतरताना तिच्या मनात एकच विचार घोळत होता, आणि तिसाव्या पायरीवर तो पुरता झाला. पत्र्याच्या टोपणाचं खोकं.

ते तिच्या दुकानात होतं.

सदतीस साली पाडव्यानंतर चार-पाच दिवसांनी विनायक गाडीतून घेऊन आला होता. "एका सूतगिरणीचा जुना चोक आहे, आक्का. भंगारात चालला होता. जड आहे, कशाला तरी उपयोगी पडेल." नेमप्लेट नव्हती, जुन्या मालाच्या प्लेटा काढून जमा करायचा कंपनीचा नियम होता. मंदाक्काला काही उपयोग सुचला नाही. हसीनाला सुचला. तिनं तो वाइंडिंग मशीनपाशी ओढला, वर पोतं चौघडी करून टाकलं आणि त्यावर बसून ती काम करायला लागली. स्टुलापेक्षा बरं, हलत नाही, असं म्हणाली. ती गेल्यावर ते पोतं तसंच राहिलं. मंदाक्का दोन वर्षं त्याला वळसा घालून चालत होती.

आज तिनं पोतं ओढून काढलं.

टोपणाच्या राखाडी रंगावर एक वर्तुळ होतं. पाच वर्षं रोज गरम डबा ठेवून उठलेलं, तेलानं आणि हळदीनं पिवळं पडलेलं, पत्र्यात मुरलेलं. वर्तुळ पुरं नव्हतं. एका बाजूला बोटभर जागा कोरी होती.

मंदाक्का त्या वर्तुळाकडं बघत राहिली. जो चोक नसल्यामुळं हसीनाचं काम गेलं, त्याच चोकवर बसून हसीना शेवटचे पाच महिने काम करत होती. असला विनोद कुणी मुद्दाम केला असता तर मंदाक्कानं त्याचं थोबाड रंगवलं असतं.

रविवारी विनायक आला. चाळीस-एक्केचाळीस वर्षांचा, नीटनेटका, बहिणीला घाबरणारा. तो तेरा वर्षांचा असताना वडील गेले. पुढचं सगळं शिक्षण मंदाक्कानं मोटारी भरून भरून केलं होतं. तो आत आला, त्याला उघडं टोपण दिसलं, आणि त्यानं हातातली जिलबीची पुडी मशीनवर ठेवून दिली.

"आक्का, चोक आहे तिथं," तो म्हणाला. "म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आहे. आभासी चोक म्हणतात त्याला. ऐकून तरी घे."

"ऐकते. बोल."

तो बोलला. आणि खरं सांगायचं तर कल्पना हुशारीचीच होती. नवा ड्राइव्ह दर मे महिन्यात केबलमध्ये एक बारीकसा धक्का सोडतो, तो मोटारीपर्यंत जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजतो आणि लक्षात ठेवतो. मग वर्षभर प्रत्येक धक्क्याच्या मागोमाग तो एक उलटा धक्का पाठवतो. दोन्ही बरोबर वेळेला भेटले की एकमेकांना मारून टाकतात. लोखंड नको, तांबं नको, वजन नको, उष्णता नको. देशभरातून हजारो चोक काढले गेले ते असे.

"आनि हिरवा दिवा?"

"फॉर्मवर एकच रकाना आहे ना, चोक कार्यरत की नादुरुस्त. आभासीसाठी वेगळा रकाना केला नाही कुणी."

"मे म्हैन्यात मोजतंय म्हनालास," मंदाक्का म्हणाली. "मे म्हैन्यात टेकडीवरच्या चरात धूळ असती. जुलैत त्या चरात केबल बुडून असती. जुनी केबल, वरनं जाळी न्हाई, कवच न्हाई. भोवती पानी आलं की लाटंचा येग तोच ऱ्हातोय का इन्या? मी धावी नापास. तू सांग."

विनायकनं मनातल्या मनात हिशेब केला. मग म्हणाला, "थोडा कमी होतो."

"मग उलटा धक्का कवा पोचतोय?"

"चुकीच्या वेळेला."

"आनि मारायच्या ऐवजी?"

"भर घालतो," विनायक म्हणाला. "ड्राइव्हला ते कळत नाही. आपल्या दारातून काय निघालं तेवढं तो लिहितो. मोटारीच्या दारात काय पोचलं ते त्याला दिसत नाही."

"तुला दिसलं हुतं. भोक दाखवलं हुतं मी तुला. दोन्ही टायमाला."

"दुसऱ्या वेळेनंतर मी वर लिहिलं होतं, आक्का. त्यांचं उत्तर आलं की ओलावा हिशेबात धरलेला आहे, पुन्हा असं लेखी पाठवू नका. मग अडतीस साली मोटार जळालीच नाही. मला वाटलं, असेल हसीनाभाभीचीच चूक."

"अडतीस साली पाऊस कुठं पडला हुता?" मंदाक्काचा आवाज आता चढला. "टँकर आल्ते गावात. चर कोरडा ठाक हुता. इंजिनेर ना रं तू? हसीनाला मी घालवलं तवा तू ह्या दारात हुबा हुतास. दर ईदला तिच्या घरी शिरखुर्मा चाटून पुसून खाल्लास. ती रडत गेली, आनि तिच्या बुडाखालचं खोकं तू ओळखलं न्हाईस?"

विनायकनं मान खाली घातली. "मी कबूल केलं तर नोकरी जाईल. दुसरी कंपनी घेणार नाही. तू ऐक माझं. नंबर गेला तर जाऊ दे. माझ्या घरी चल. मी सांभाळतो तुला. किती दिवस वार्निशच्या धुरात बसणार आहेस?"

हे त्यानं मायेनं म्हटलं होतं, यात शंका नाही. पण नेमकं हेच वाक्य मंदाक्काच्या वर्मी लागलं. चाळीस वर्षांचं काम ज्यानं बुडवलं तोच आता तिला दोन वेळचं जेवण घालणार होता, आणि वर ती दया म्हणून.

"जिलबी घिऊन जा," ती म्हणाली. "सुनावनीला कंपनीच्या बाजूनं तूच असनार न्हवं? ये. मी बी येते."

सुनावणी जिल्ह्याच्या नोंदणी कचेरीत होती. अधिकारी म्हेत्रे मॅडम, पन्नाशीच्या, त्या दिवशीची त्यांची ही सहावी सुनावणी. भिंतीवरच्या पडद्यावर पुण्याहून कंपनीचे वकील. टेबलाच्या एका बाजूला विनायक इस्त्रीच्या शर्टात. दुसऱ्या बाजूला मंदाक्का, आणि तिच्यामागं दोन हमालांनी धापा टाकत आणून ठेवलेलं पन्नास-पंचावन्न किलोचं खोकं. खोक्याशेजारी ज्ञानू खोत, मांडीवर डबा घेऊन, डॉक्टरकडं आल्यासारखा अवघडून बसलेला.

"आमच्या नोंदीप्रमाणे पहिल्या दिवसापासून चोक कार्यरत आहे," वकील म्हणाले. "एकही खंड नाही."

"मग ह्यो काय हाय?" मंदाक्कानं खोक्यावर थाप मारली.

"असे जुने चोक हजारोंनी निघालेत. हा नांदरगावचाच, हे कशावरून?"

मंदाक्कानं ज्ञानूला खूण केली. ज्ञानू उठला. डब्याच्या बुडाला एका बाजूला चेप होती. बत्तीसच्या पुरात सामान वर नेताना डबा पायऱ्यांवरून गडगडला होता, तेव्हाची. त्यानं डबा टोपणावर ठेवला आणि सवयीनं थोडा फिरवला. वर्तुळावर वर्तुळ बसलं. जिथं चेप होती तिथंच ती बोटभर कोरी जागा आली.

"पाच वर्सं ठिवत हुतो, बाईसाहेब," तो म्हणाला. "हात आपसूक जातोय."

म्हेत्रे मॅडम खुर्चीतून उठून टेबलाला वळसा घालून आल्या. त्यांनी डबा उचलला, खाली बघितलं, पुन्हा ठेवला.

"मॅडम, जेवणाचा डबा पुरावा म्हणून नोंदवायला प्रणालीत रकाना नाही," पडद्यावरून आवाज आला.

"ठाऊक आहे," म्हेत्रे मॅडम म्हणाल्या आणि विनायककडं वळल्या. "नवा ड्राइव्ह तुम्ही बसवलात. सही तुमची आहे. मी एकच विचारते. हा चोक तिथला आहे का?"

मंदाक्कानं भावाकडं बघितलं नाही. तिनं रात्रभर ठरवलं होतं की त्याचं नाव आपल्या तोंडून घ्यायचं नाही. घ्यायचं तर त्यानं स्वतः घ्यावं. आणि त्यानं नाही घेतलं तर नंबर जाईल, आणि भाऊही जाईल, आणि त्यातलं दुसरं ती कुणाला सांगणार नाही.

विनायकनं घसा खाकरला. पडद्यावरचे वकील काहीतरी म्हणायला लागले होते, त्यांच्या बोलण्यावरच तो बोलला.

"तिथलाच आहे. मी काढला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. तिथं आता लोखंडाचा चोक नाही. आभासी आहे, आणि पावसात तो चुकतो. दोन वर्षांपूर्वी मी हे कंपनीला लिहिलं होतं. माझ्याकडं प्रत आहे."

पडद्यावर वकिलांचे नुसते ओठ हलत राहिले. तिकडं कुणीतरी आवाज बंद केला होता.

म्हेत्रे मॅडमनी फॉर्म पुढं ओढला. कार्यरत आणि नादुरुस्त, दोनच पर्याय. त्यांनी दोन्हींवर काट मारली आणि समासात हातानं लिहिलं: चोक नाही. मग खाली आदेश लिहिला. विंडर नंबर ४१७ कायम. हा चोक आठ दिवसांत परत बसवावा. पावसात, केबल ओली असताना, मोटारीच्या टोकाला व्होल्टेज मोजावं, ड्राइव्हच्या नव्हे. जिल्ह्यात जिथं जिथं लांब केबल आहे तिथल्या सगळ्या ड्राइव्हचे निकाल तोवर थांबवावेत.

"असे किती विंडर गेले असतील, मॅडम?" मंदाक्कानं विचारलं.

"या जिल्ह्यात एकोणीस," म्हेत्रे मॅडम म्हणाल्या. त्यांना आकडा शोधावा लागला नाही. त्या सगळ्यांवर सही त्यांचीच होती.

बाहेर टेम्पोत चोक चढवायला हमाल नव्हते. मंदाक्का एका बाजूला वाकली आणि म्हणाली, "हात लाव." विनायकनं दुसरी बाजू धरली. दोघांनी तो वर ढकलला.

"आक्का," तो म्हणाला.

"खरं बोललास, ते ऐकलं मी. राग गेला न्हाई माझा, आनि एवढ्यात जानार बी न्हाई. हसीनाकडं तू तुझा जा. माझ्या पदराआड जायाचं न्हाई."

हसीनाचं घर मोमीन गल्लीत होतं. दोन वर्षं ती साड्यांना फॉल लावत होती. मंदाक्का उंबऱ्यावर उभी राहिली तेव्हा ती शिलाई मशीनवरच होती. तिनं वर बघितलं आणि पायाखालचं पायडल थांबवलं, पण आत या म्हणाली नाही.

मंदाक्कानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डबा, खोकं, पोतं, पाऊस. कधी नव्हे ते तिला शब्द जुळवावे लागत होते.

"चूक तुझी नव्हती, हसीना."

"ते मला ठाऊक हुतं, आक्का. माझ्या हाताची मला खबर असती. तुमालाच दोन वर्सं लागली."

तेवढ्यात फोन वाजला. मंदाक्कानं घाईघाईनं तो पुढं केला. 'विंडर ४१७ : दोष ० टक्के. नंबर पूर्ववत. गैरसोयीबद्दल दिलगिरी.' हसीनानं फोन हातात घेऊन नीट वाचलं. वर सरकवून वाचलं, खाली सरकवून वाचलं.

"ह्यात माझं नाव कुठं हाय?"

मंदाक्कानंही वाकून निरोप पुन्हा वाचला.

"जळाली ती मोटार दोन्ही टायमाला मी भरली. त्याच्या आधीच्या शंभर चालल्या, त्या बी मीच भरल्या. ठोकला तुमचा नंबर. दोष आला तो तुमच्या नावावर आला, आनि घरी गेले मी. आता शून्य आलं, ते बी तुमालाच आलं. मी गेले तवा कागदावर कोन गेलंच न्हाई, आक्का. मग आता परत कोन येनार?"

नऊ दिवस मंदाक्का एका फॉर्मवर चिडली होती. ज्यात खरी गोष्ट लिहायला रकाना नव्हता अशा फॉर्मवर. ड्राइव्हवर, कंपनीवर, भावावर, सगळ्यांवर तिनं तोंड टाकलं होतं. आणि तिच्या स्वतःच्या दुकानात अठरा वर्षं एकच रकाना होता, त्यात फक्त लोहार मावत होतं. कुणावर ओरडावं हे तिला पहिल्यांदाच सुचेना.

"वेगळा नंबर निघतोय," ती शेवटी म्हणाली. "एका दुकानात दोन चालत्यात. मी कवा इचारलंच न्हाई. अर्ज आनते. तुझ्या नावाचा."

"आना," हसीना म्हणाली. "माझा नंबर हातात आल्याबिगर मी दुकानात पाय ठिवनार न्हाई. आनि त्येच्यानंतर बी येईनच असं न्हाई. बघीन."

मंदाक्का लोहारला कुणी असं सुनावलं आणि ती गप्प बसली, असं वारणाकाठी कुणी ऐकलं नव्हतं. ती "बरं" म्हणाली.

टेम्पोवाला विचारत होता, चोक टेकडीवर न्यायचा ना. मंदाक्कानं त्याला आधी परत कचेरीकडं वळायला लावलं. खिडकीवरच्या माणसानं अर्ज दिला आणि भरून इथंच द्या म्हणाला, पाचच मिनिटांचं काम आहे, हसीना मोमीनची सगळी माहिती तुम्हाला असेलच. माहिती होती. जन्मसाल, पत्ता, अनुभव, सगळं तोंडपाठ होतं.

पहिल्या ओळीवर छापलं होतं : विंडरचं नाव. मंदाक्कानं अर्ज कोराच घडी घातला, खिडकीवरचं पेन मागून घेतलं आणि मोमीन गल्लीकडं निघाली.